चार नंबरच्या मशीनचा टुक

तीर्थस्वरूप मामांना,

भाच्याचा वाकून नमस्कार. (वाकायचं आता काही वाटत नाही. वर्षभर कुठल्या ना कुठल्या मशीनखाली वाकलेलाच आहे. मान वर करून नमस्कार करायचा असता तर त्रास झाला असता.)

तुमच्या डोळ्याची पट्टी सोमवारी निघणार असं आई म्हणाली होती. म्हणजे हे पत्र पोचेल तेव्हा ते तुम्ही स्वतःच वाचत असाल, असा अंदाज धरून लिहायला बसलो आहे. गेले तीन आठवडे पेपरापासून औषधाच्या बाटलीवरच्या सूचनांपर्यंत सगळं मामीच तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवतात आणि मध्येमध्ये स्वतःचं मतही सांगतात, असं कळलं. त्यामुळे पेपर वाचायला दुपार पुरत नाही, पण बातम्या नीट समजतात, असं तुम्ही आईला म्हणालात म्हणे. डोळ्याला जपा. थेंब वेळेवर घाला. झुकून काही उचलू नका. जिन्यावरून उतरताना कठड्याला धरा. (हे सगळं आईनं लिहायला सांगितलं आहे. माझं स्वतःचं म्हणाल तर एवढंच, की वेल्डिंगकडे बघू नका. पण तुम्ही घरी आहात, तेव्हा तो प्रश्न येत नाही.)

मी फोन का केला नाही, असं तुमच्या मनात येईल. तुमच्या घरी फोन मामी उचलतात, स्पीकरवर लावतात आणि फ्रिजवर ठेवतात, म्हणजे सगळ्यांना ऐकू येतं. याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण काही गोष्टी माणसानं माणसाशी सावकाश, लेखी बोलाव्यात, असं मला अलीकडे वाटू लागलं आहे.

मामींनाही नमस्कार. त्यांच्या उलथन्याबद्दल मी पुन्हा एकदा क्षमा मागितली आहे असं त्यांना सांगा. गेली चौदा वर्षं मी तुमच्या घरी जे काही लिहितो त्यात ही क्षमा असतेच, आणि आता ती पत्रावरच्या तारखेसारखी हातातून आपोआप उतरते. मी सहा वर्षांचा होतो, सुट्टीत तुमच्याकडे राहायला आलो होतो, आणि एका संध्याकाळी मामींच्या उलथन्याचा दांडा टोकाकडून चार बोटं कमी झालेला आढळला. घरात त्या वेळी वस्तू मोडण्याच्या वयाचा माणूस मी एकटाच होतो. मला दोन धपाटे मिळाले. मग तुम्ही मध्ये पडलात, "लहान आहे, सोडून दे," असं म्हणालात, आणि मला सायकलवर बसवून आईस्क्रीम खायला घेऊन गेलात. तुमच्या मोठ्या मनाची ही गोष्ट मी आजवर बऱ्याच लोकांना सांगितली आहे. टांगायचं भोकच गेल्यामुळे ते उलथनं तेव्हापासून खिळ्याला टांगता येत नाही, दर चार दिवसांनी ओट्यामागे पडतं, आणि पडलं की मामींना माझी आठवण होते. "हा पोरगा हात लावील ते मोडतो, त्याला दुरुस्तीच्या कामाला लावा," असं मामीच आईला म्हणाल्या होत्या. म्हणजे मी आज ज्या धंद्यात आहे त्याची सुरुवातही त्या उलथन्यापासूनच धरावी लागेल.

आता माझ्याविषयी. तब्येत उत्तम आहे. डावा अंगठा उत्तम नाही, पण तो आता नखासकट माझाच आहे. खोली बरी आहे. एका खिडकीतून कारखान्याची मागची भिंत दिसते, आणि दुसरी खिडकी नाही. ॲप्रेंटिसचं वर्ष महिनाअखेरीला संपतं. त्यानंतर परीक्षा. परीक्षेला बसायचं तर कामाची वही पंचवीस तारखेच्या आत जमा करावी लागते, आणि वहीच्या शेवटच्या पानावर "काम समाधानकारक" या दोन शब्दांखाली उस्तादांची सही लागते. सही नसेल तर वर्ष फुकट, मग पुन्हा पहिल्यापासून, तेही कुठं घेतलं तर. आज चौदा तारीख आहे. वही माझ्यासमोर उघडी आहे. ते दोन शब्द छापील असल्यामुळे आधीपासूनच आहेत. सही नाही. ती का नाही, एवढंच या पत्रात सांगतो. बाकी सगळं ठीक आहे.

उस्तादांना तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता. तुम्ही हेड फिटर होता तेव्हा ते तुमच्या हाताखाली होते, आणि "मामाच्या शब्दाखातर" त्यांनी मला घेतलं, हे त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं आणि नंतरही अधूनमधून, मी काही पाडलं की सांगतात. पहिले तीन महिने माझ्याकडे फक्त बॅटरी धरायचं काम होतं. हे काम सोपं आहे अशी माझी समजूत होती. उस्ताद मशीनच्या पोटात डोकं घालतात आणि बोलत नाहीत. उजेड त्यांची नजर जिथं जाणार आहे तिथं आधी जाऊन थांबला पाहिजे, अशी त्यांची अपेक्षा असते. नजर त्यांच्या डोक्याबरोबर आत गेलेली असते, मला त्यांची फक्त पाठ दिसते. सहाव्या आठवड्यात मला त्यांच्या पाठीवरून कळायला लागलं. खांदा डावीकडे गेला की नट, कंबर वळली की शिवी. "जमतंय तुला. मामाचं रक्त आहे," असं ते एकदा म्हणाले. (मामाचं रक्त भाच्यात कसं येतं हे मी विचारलं नाही. तेव्हा माझ्या हातात बॅटरी होती.)

दहाव्या महिन्यात त्यांनी मला एकट्यानं करायचं पहिलं काम दिलं. चार नंबरच्या मशीनची वर्षाची देखभाल. तुम्हाला चार नंबर आठवत असेलच. गोल डब्यांची झाकणं ठोकतं ते. पत्र्याची पट्टी आत सारायची, पेडल दाबायचं, वरून ठोसा येतो, धप्प, की झाकण तयार. मग बाजूचा दांडा पुढे येऊन झाकण खोक्यात ढकलतो, परत मागे जातो आणि आपल्या जागेवर टेकतो. टेकताना आवाज येतो: टुक. दिवसभर धप्प-टुक, धप्प-टुक. मी ते दहा महिने ऐकत होतो, पण कारखान्यात इतके आवाज असतात की एखाद्या आवाजाला काही काम असेल असं मनात येत नाही.

मी कपाटातून मशीनचं मूळ पुस्तक काढलं. (ते कपाट माझ्या आधी कुणी उघडलं नव्हतं. आत पुस्तक आणि एक कोळी होता.) पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, की दांडा मागे येऊन जिथं टेकतो तिथं रबरी गादी पाहिजे. मी पाहिलं तर तिथं गादी नव्हती, स्टीलची एक पट्टी होती. बोटभर लांब, दोन बोटं रुंद. एक टोक गोल, दुसरं हॅकसॉनं कापलेलं. गोल टोकाकडे भोक, आणि त्या भोकातून स्क्रू घेऊन ती बसवलेली. भोक एका बाजूनं लांबट झिजलेलं होतं, जणू ती पट्टी कुठंतरी बरीच वर्षं लोंबकळत असावी. रंगही चमत्कारिक, कडेला निळसर, मध्ये पिवळट. हे सगळं मी नीट पाहिलं, कारण नीट पाहावं असं तुम्हीच शिकवलं आहे, आणि नंतर ती पट्टी भंगाराच्या पिंपात टाकली.

मग स्टोअरमध्ये गेलो. स्टोअरवाले काका कुठलीही वस्तू "नाही" म्हणून सुरुवात करतात आणि मग उठून शोधतात. त्यांनी सगळ्यात वरच्या फळीवरून एक पिशवी काढली. आत चार नंबरची रबरी गादी, नवी कोरी. पिशवीला चिठ्ठी होती. चौदा वर्षांपूर्वीची तारीख, शेरा "अत्यंत तातडीचे", आणि खाली मागणी करणाऱ्याची सही. सही तुमची होती. मामा, माझा ऊर भरून आला, असं लिहिलं तर तुम्ही हसाल, पण आला. तुम्ही गादी मागवली, ती यायला उशीर झाला, ती आली तोवर सगळे विसरले, आणि चौदा वर्षांनी तुमचं अर्धवट राहिलेलं काम तुमचा भाचा पुरं करतो आहे, असं मला त्या क्षणी वाटलं. मी गादी बसवली. मशीन चालू केलं. धप्प. मग दांडा गेला, आला आणि मांजर पायरीवरून उतरावं तसा टेकला. काही आवाज नाही. मी वहीत लिहिलं, "मूळ नकाशाप्रमाणे दुरुस्ती केली. आवाज पूर्ण बंद." आणि खाली रेघ मारली. दोन मारल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का आल्या. चार नंबरवर बावीस वर्षं अक्काच आहेत. (तुमच्या वेळच्याच. मामाला माझा नमस्कार कळव, असं त्यांनी सांगितलं होतं. हे या प्रकरणाच्या आधी सांगितलं होतं.) अक्का मशीनकडे बघत नाहीत. त्या शेजारच्या पाच नंबरवाल्या बाईंकडे बघतात आणि सुनेबद्दल बोलतात, आणि हात आपोआप पट्टी सारत राहतात. टुक झाला की पुढची पट्टी, टुक झाला की पुढची पट्टी. शिवाय बोलता बोलता त्या मनात टुक मोजतात. शंभर झाले की खोकं बदलायचं. गेल्या कित्येक वर्षांत एका खोक्यात एक झाकण कमी-जास्त गेलं नाही. मशीनला आकडे दाखवणारं मीटर आहे, पण ते चुकतं, हे अक्कांनीच एकदा मोजून दाखवलं होतं.

त्या सकाळी अक्कांनी पट्टी सारली, पेडल दाबलं, धप्प झालं, आणि त्या थांबल्या. सुनेचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. पाच नंबरवाल्या बाई मला नंतर म्हणाल्या, की इतक्या वर्षांत अक्कांचं वाक्य अर्ध्यावर राहिलेलं त्यांनी पहिल्यांदा पाहिलं, आणि त्यांना वाटलं अक्कांना काहीतरी झालं.

"मेलं की काय हे?" अक्का म्हणाल्या.

मी पुढे होऊन त्यांना समजावलं, की मेलेलं नाही, दुरुस्त झालं आहे.

"बाळा, कुणी सांगितलं होतं तुला?"

मी म्हणालो, पुस्तकात आहे.

"मग पुस्तकाला बसव इथं झाकणं ठोकायला."

दुपारपर्यंत पॅकिंगमधून सहा खोकी परत आली. एकात अठ्ठ्याऐंशी झाकणं, एकात एकशे तेरा, आणि एकात शंभर, पण ती त्यांनी संशयानं परत पाठवली होती. आवाज नसल्यामुळे दांडा मागे गेला की नाही हे अक्कांना दर वेळी वळून बघावं लागत होतं, त्यामुळे काम दीडपट सावकाश झालं आणि मान धरली. त्यात सुनेची गोष्ट तुकड्या-तुकड्यांनी सांगावी लागल्यामुळे पाच नंबरवाल्या बाईंचा असा समज झाला, की सून घर सोडून गेली. त्यांनी तो जेवणाच्या सुट्टीत पुढे कळवला. संध्याकाळी सून स्वतः गेटवर आली.

उस्तादांनी मला बोलावलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला कळलं असतं काय करायचं ते. त्यांनी वही मागितली, दोन रेघा मारलेलं पान बघितलं, वही मिटली आणि माझ्या हातात परत दिली. "टुक आण. टुक आला की सही. टुक नाही तर सही नाही," एवढंच म्हणाले.

मी पिंपाकडे धावलो. भंगाराची गाडी सकाळी आठला येऊन गेली होती. (ही गाडी एरवी तीन तीन आठवडे येत नाही. लोक तिच्यासाठी अर्ज करतात.)

मग मी टुक शोधायला लागलो. आधी रबरी गादी काढून नुसतंच चालवलं. ठाण्ण असा आवाज आला आणि दांडा उसळून झाकण अक्कांच्या चहाच्या कपात पडलं. मग स्टोअरमधल्या जाड पत्र्याची पट्टी कापून बसवली. अक्का डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून स्टुलावर बसत, मी पेडल दाबी, आणि त्या निकाल देत. पहिल्या पट्टीला म्हणाल्या, "हा दार आपटतोय." पितळेच्या पट्टीला, "हा सायकलवाला." ॲल्युमिनियमच्या पट्टीला डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. दहाव्या पट्टीपर्यंत आजूबाजूला माणसं जमायला लागली आणि आपापली मतं देऊ लागली. गेटवरचा वॉचमन म्हणाला, तिसरा चांगला होता. अक्का म्हणाल्या, "तू गेटावर जा."

या सगळ्यात मेंटेनन्सच्या नव्या साहेबांनी लक्ष घातलं. ते चांगले आहेत. शिकलेले आहेत आणि कुणाला टाकून बोलत नाहीत. त्यांनी मोबाइलवर आवाज मोजायचं काहीतरी घेतलं आणि प्रत्येक पट्टीचा आलेख काढला, पण मूळ टुकाचा आलेख कुणीच काढलेला नसल्यामुळे हे आलेख कशाशी ताडून बघायचे, हा प्रश्न राहिला. मग त्यांनी एक विजेचा बझर बसवला. दांडा मागे आला की पीं. अक्कांनी त्यावर अर्धा तास काम केलं आणि मग कानात कापूस घातला. कापसामुळे बझर ऐकू येईना. बझर काढला.

कागदोपत्री वेगळीच अडचण झाली. बिघाड झाला की फॉर्म भरावा लागतो, त्याशिवाय स्टोअरमधून सामान मिळत नाही. मी "बिघाडाचे वर्णन" या रकान्यात लिहिलं, "आवाज येणे बंद झाले आहे." ऑफिसनं तो फॉर्म बिघाडाच्या फाइलीत न लावता सुधारणेच्या फाइलीत लावला, आणि आवाज कमी केल्याबद्दल मला "महिन्याचा उत्कृष्ट ॲप्रेंटिस" म्हणून निवडलं. माझा फोटो गेटजवळच्या फळ्यावर लागला आहे. अक्का रोज सकाळी त्यासमोर क्षणभर थांबतात, आणि मग मान धरून आत जातात. उस्ताद त्या फळ्याकडे बघत नाहीत. म्हणजे सध्या माझी परिस्थिती अशी आहे, की मी या कारखान्यातला सगळ्यात चांगला ॲप्रेंटिस आहे आणि माझं वर्ष वाया जाणार आहे.

परवा जेवणाच्या सुट्टीत उस्ताद माझ्या बाजूला येऊन बसले. डबा उघडला आणि म्हणाले, "ती पट्टी तुझ्या मामानं बसवली होती." मी म्हणालो, मामांनी तर गादी मागवली होती. ते म्हणाले, "जुनी गादी फाटली, नवी यायला दोन महिने लागणार होते. मशीन बंद. वरून साहेब ओरडतोय. अक्काला दुसरीकडे टाकायला निघाले होते. मामा दुपारच्या सुट्टीत सायकल काढून घरी गेला आणि वीस मिनिटांत पट्टी घेऊन आला. मी विचारलं, कुठं मिळाली? तर म्हणाला, 'घरातलीच आहे.' मी बॅटरी धरली, त्यानं बसवली. पहिल्याच ठोक्याला टुक आला. अक्का म्हणाली, हे बरंय. तेवढंच." त्या आधी गादी असताना अक्का मशीनकडे बघून काम करत, मान धरे, आणि खोकी चुकत. म्हणजे तुम्ही तात्पुरती म्हणून जी पट्टी लावली, तीच खरी दुरुस्ती होती, आणि मी पुस्तकात बघून जी दुरुस्ती केली, तो बिघाड होता. हे मी आता वहीत कोणत्या शब्दांत लिहावं, ते मला सुचत नाही.

असो. तुम्हाला उगाच काळजी लावायला हे लिहिलेलं नाही. खुशाली कळवावी, तुमची विचारावी, एवढाच हेतू. थेंब वेळेवर घाला.

तुमचा आज्ञाधारक,
भाचा

ता. क. पत्र पाकिटात घालता घालता एक लहानसं काम आठवलं. उस्तादांशी बोलणं झाल्यावर मी त्या पट्टीचा पुन्हा विचार केला. गोल टोक, लांबट झिजलेलं भोक, कडेचा निळा रंग. "घरातलीच आहे" हेही जमेस धरलं. मग बाजारात जाऊन एक नवं उलथनं आणलं, त्याचा दांडा कापून चार नंबरवर बसवला. अक्कांनी डोळे मिटले. टिंक. "नाही," त्या म्हणाल्या, "पण घराणं तेच आहे." मी तो तुकडा भट्टीत तापवून पुन्हा बसवला. टुंक. अक्का म्हणाल्या, "जवळ आला. पण पाहुणा आहे अजून." तेव्हा उस्ताद माझ्याकडे वळले आणि म्हणाले, हे नव्या पोलादाचं काम नाही, याला दहा-बारा वर्षं रोज दोन वेळा आचेवर तापलेलं पाहिजे, मामाला लिही. म्हणून लिहितो. त्या उलथन्याचा दांडा पात्यापासून वर अजून चौदा सेंटिमीटर शिल्लक आहे. (दर भेटीत मामी मला ते दाखवतात, तेव्हा नजरेनं मापून ठेवलेलं आहे.) मला सात सेंटिमीटर पुरेत. भोक मी पाडून घेईन. पंचवीसच्या आत पोचेल असं पाठवा. चौदा वर्षांपूर्वी वीस मिनिटांत जमलं होतं, तेव्हा आताही जमेल असा भरवसा आहे.

ता. क. २. मामींच्या लक्षात येईल, ही तुमची अडचण मी ओळखून आहे. म्हणून सोबतच्या पार्सलात मी स्वतः घडवलेलं नवं उलथनं पाठवतो आहे. दांडा पूर्ण लांबीचा, टोकाला भोक, कडा घासलेल्या. वहीत त्याची नोंद "जॉब क्रमांक ४१" अशी आहे. जुनं ओट्यामागे पडून हरवलं असं म्हणता येईल. तुम्ही असं काही म्हणू शकता हे मला अलीकडेच समजलं. धपाट्यांविषयी मी काही बोलणार नाही. ते दोनच होते. आईस्क्रीमबद्दल मी चौदा वर्षं जे लोकांना सांगत आलो, त्यात मात्र थोडी दुरुस्ती करावी लागेल.

ता. क. ३. आत्ताच आईचा फोन आला. डॉक्टरांनी तुमची पट्टी अजून आठ दिवस ठेवायला सांगितली आहे, आणि पत्रं, पेपर, सगळं मामीच वाचून दाखवतात. पार्सल न्यायला माणूस दारात उभा आहे, एवढं सगळं पुन्हा लिहून काढायला वेळ नाही, आणि पंचवीस तारीख काही माझ्यासाठी थांबणार नाही. तेव्हा,

मामी, नमस्कार. इथपर्यंत वाचलंत त्याबद्दल आभारी आहे. मध्ये कुठं थांबून मामांकडे बघितलं असेल, तर तेवढं थांबून पुढे वाचा. त्यांना झुकायची आणि जिना घाईनं उतरायची डॉक्टरांनी मनाई केली आहे, हे कृपया लक्षात असू द्या. वरची क्षमा मी मागे घेत नाही, चौदा वर्षांची सवय आहे. नवं उलथनं खिळ्याला टांगता येईल. जुन्याचं माप पहिल्या ता. क. मध्ये दिलेलं आहे, आणि आता लपवाछपवीचं काही कारण उरलेलं नसल्यामुळे, कापायच्या भानगडीत न पडता अख्खंच पाठवलंत तरी चालेल.